रक्तप्रवाह परतल्यानंतर : रक्षक पेशींची दुहेरी भूमिका

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील आरोग्यविषयक व्याख्यानमालेत केलेले भाषण. बोलण्याच्या ओघात झालेली पुनरुक्ती वगळून ते येथे दिले आहे.)



या व्याख्यानमालेत माझ्याआधी नामवंत डॉक्टर मंडळी बोलून गेली. त्यांच्यानंतर एका कापड दुकानदाराने हृदय आणि रक्त या विषयावर बोलावे, हे धारिष्ट्यच म्हणावे लागेल. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. जमा आणि नावे यांपलीकडचे शास्त्र मला महाविद्यालयात कोणी शिकविले नाही. तरीही मी हा विषय आग्रहाने मागून घेतला, कारण तो मला पुस्तकातून भेटलेला नाही, तो माझ्या घरात घडलेला आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. ऐन लग्नसराई. दुकानात बस्त्याची दोन मोठी गिऱ्हाइके बसलेली. सकाळी अकराच्या सुमारास माझ्या धाकट्या बंधूंच्या छातीत दाटून आल्यासारखे होऊ लागले, कपाळावर घाम आला. मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "दादा, पित्त असेल. रात्रीचे जागरण झालेय." मीही मान डोलावली. सोडा मागविला, त्यांना गादीवर टेकायला सांगितले आणि पुन्हा शालू उलगडायला लागलो. दुपारी साडेतीनला त्यांचा डावा हात जड पडला तेव्हा आमची धावपळ सुरू झाली. शहरातील रुग्णालयात पोहोचून अँजिओप्लास्टी होईपर्यंत सायंकाळ झाली. डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितले, की बंद पडलेली रक्तवाहिनी पूर्ण उघडली आहे. आम्ही सर्वांनी हात जोडले. घरी फोन गेले, पेढे वाटायची भाषा झाली.

दुसऱ्या दिवशी तेच डॉक्टर म्हणाले, की हृदयाची पंप करण्याची शक्ती पस्तीस टक्क्यांवर आली आहे. निरोगी माणसात ती साधारण पंचावन्न ते सत्तर टक्के असते. माझा संयम सुटला. अडथळा काढला, रक्त सुरू झाले, मग हृदय दुबळे कसे राहिले? उपचारातच काही चूक झाली असली पाहिजे, असे मी त्या मार्गिकेत सर्वांदेखत मोठ्या आवाजात बोललो. तक्रार करण्यापर्यंत मजल गेली. त्या डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, "रक्त थांबल्याने नुकसान होते, आणि परत आल्यानेही काही होते. राग ओसरला की बोलू."

रक्त परत आल्याने नुकसान! हे वाक्य माझ्या मनात रुतून बसले. पुढे माझा भाचा, जो त्या वेळी वैद्यकीय शिक्षण घेत होता, त्याने सुट्टीत बसून मला सारे समजावले. "मामा, तुम्ही खतावणी समजून घेता ना, तसे हेही एक-एक नोंद करून समजून घ्या," असे तो म्हणाला. त्या नोंदी आज मी आपल्यापुढे ठेवणार आहे.

पहिली नोंद रक्त थांबते तेव्हाची. हृदयाच्या स्नायूला प्राणवायू मिळेनासा झाला, की पेशीतील ऊर्जेचा साठा काही मिनिटांत आटू लागतो. आम्ल साचते. पेशीच्या भिंतीवर क्षारांची ने-आण करणारे सूक्ष्म पंप असतात, ते मंदावतात. सोडियम आणि कॅल्शियम आत साठत जातात. प्रवाह पूर्ण बंद असेल, तर साधारण वीस ते तीस मिनिटांनंतर पेशी कायमच्या मरू लागतात, आणि मृत्यूची ही लाट हृदयाच्या आतल्या थराकडून बाहेरच्या थराकडे तासागणिक सरकत जाते.

दुसरी नोंद रक्त परत येते त्या क्षणाची. १९६० साली अमेरिकेत रॉबर्ट जेनिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले, की रक्त परत सोडल्यावर हृदयस्नायूतील मृत्यूची लक्षणे काही मिनिटांत दिसू लागतात, जी एरवी दिसायला कितीतरी तास लागतात. हे प्रयोग कुत्र्यांवर झाले होते. आपल्यासारख्यांच्या सभेत हे सांगताना जीभ अडखळते, परंतु ज्या ज्ञानाचा लाभ आपण घेतो, ते कोणत्या वाटेने आले हे झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. या घटनेला डॉक्टर 'रिपर्फ्यूजन इंजुरी' म्हणतात. आपण तिला पुनर्प्रवाहजन्य इजा म्हणू.

असे का व्हावे? उपाशी पेशीत प्राणवायू एकदम घुसला, की तेथील बिघडलेली यंत्रणा तो नीट वापरू शकत नाही. त्यातून 'फ्री रॅडिकल्स' नावाचे अत्यंत दाहक कण तयार होतात. कॅल्शियमचा लोंढा वाढतो. पेशीतील ऊर्जाकेंद्रे, म्हणजे मायटोकॉण्ड्रिया, यांच्या आवरणात छिद्रे उघडतात आणि तग धरून असलेली पेशीही कोसळते. आपल्याकडे अठ्ठाईचे पारणे कसे करतात ते आठवा. आठ दिवसांच्या उपवासानंतर कोणी पुरणपोळीचे ताट पुढे ठेवत नाही. मुगाचे पाणी घोट-घोट देतात. फार काळ वंचित राहिलेल्या देहाला विपुलताही सोसत नाही, हे घरातील वडीलधाऱ्या बायकांना अनुभवाने ठाऊक असते.

आता तिसरी नोंद, आणि आजच्या भाषणाचा गाभा : रक्षक पेशी.

आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी निम्म्याहून अधिक पेशी 'न्यूट्रोफिल' या जातीच्या असतात. जंतूंचा शिरकाव झाला, की सर्वांत आधी धावून जाणारे हे पथक. जंतूंना गिळून नष्ट करणाऱ्या पेशींचा शोध रशियन शास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉफ यांनी १८८२ साली लावला आणि त्यांना १९०८ चे नोबेल पारितोषिक पॉल एर्लिख यांच्यासमवेत मिळाले. या पेशी नसत्या, तर साध्या खरचटण्यानेही माणूस दगावला असता.

परंतु या पथकाची एक मर्यादा आहे. धोक्याची घंटा वाजली, की ते येते. घंटा जंतूंनी वाजविली की आपल्याच मरणाऱ्या पेशींनी, हा भेद त्याला फारसा करता येत नाही. रक्ताविना मेलेल्या पेशी फुटतात, त्यांच्यातील द्रव्ये बाहेर सांडतात, आणि तीच धोक्याची सूचना ठरते. रक्तवाहिनीचे अस्तर काही मिनिटांत आपल्या पृष्ठभागावर सिलेक्टिन नावाची प्रथिने उभी करते. वाहत्या रक्तातील न्यूट्रोफिल त्यांना अडखळत, गडगडत पुढे सरकतात, मग दुसऱ्या प्रकारच्या प्रथिनांना घट्ट चिकटतात आणि अस्तराच्या फटींतून बाहेर पडून स्नायूत शिरतात. रक्त बंद असताना त्यांना तेथे जायला वाटच नव्हती. वाट उघडली, म्हणजे प्राणवायूबरोबर हे पथकही आत आले.

आत गेल्यावर ते आपली शस्त्रे बाहेर काढतात : दाहक प्राणवायू-कण, प्रथिने विरघळविणारी विकरे, आणि स्वतःच्या डीएनएच्या धाग्यांचे जाळे. हे जाळे शास्त्रज्ञांनी २००४ साली प्रथम वर्णिले. या शस्त्रांना शेजारची अर्धमेली, पण वाचू शकली असती अशी पेशी ओळखू येत नाही. शिवाय न्यूट्रोफिल, रक्तबिंबिका आणि सुजलेले अस्तर मिळून केशवाहिन्यांत गर्दी करतात. मोठी वाहिनी उघडलेली, पण बारीक वाहिन्यांतून रक्त पुढे सरकत नाही, अशी विचित्र अवस्था येते. हिला 'नो-रिफ्लो' म्हणतात आणि हृदयातील तिचे वर्णन १९७४ साली झाले. हमरस्ता मोकळा, पण गल्ल्या तुंबलेल्या. माझ्या बंधूंच्या बाबतीत किती हानी रक्त थांबल्याने झाली आणि किती परतल्याने, हे कोणीही सांगू शकणार नाही. पण डॉक्टरांच्या त्या एका वाक्याचा अर्थ मला येथे उमगला.

आपल्या पेठेतील एका गोदामाला लागलेली आग आठवते का? बंब आला, आग विझली. नंतर आम्ही व्यापारी पंचनाम्याला उभे राहिलो, तेव्हा दिसले, की जळालेल्या गाठींपेक्षा भिजून, तुडवून खराब झालेल्या गाठी कमी नव्हत्या. म्हणून कोणी असे म्हटले नाही, की बंब बोलवायला नको होता. बंब आला नसता तर शेजारची सहा दुकानेही गेली असती.

मग साहजिक प्रश्न येतो : या पथकालाच वाटेत अडविले तर? शास्त्रज्ञांनी हेच केले. १९८३ साली प्रयोगशाळेतील प्राण्यांमध्ये न्यूट्रोफिल कमी करून पाहिले, तेव्हा हृदयाची हानी लक्षणीय घटली. आशा पल्लवित झाल्या. न्यूट्रोफिलना अस्तराला चिकटू न देणारी औषधे तयार झाली. पण माणसांवरील चाचण्यांचा ताळेबंद निराशाजनक निघाला. हृदयविकाराच्या रुग्णांत २००२ पर्यंत झालेल्या अशा चाचण्यांत हानी कमी झाली नाही. पक्षाघाताच्या रुग्णांत एन्लिमोमॅब नावाचे औषध वापरले, तेव्हा २००१ च्या अहवालानुसार ते घेणाऱ्यांची स्थिती न घेणाऱ्यांपेक्षा वाईट झाली. शरीरातील 'कॉम्प्लिमेंट' ही दाहक साखळी रोखणाऱ्या पेक्सेलिझुमॅब या औषधाची चाचणी ५,७४५ रुग्णांवर झाली. २००७ साली जाहीर झालेल्या निकालात मृत्यूंच्या प्रमाणात फरक पडला नाही.

याचे कारण काय असावे? प्रयोगशाळेतील प्राणी तरुण व निरोगी असतात, तर आपले रुग्ण वयस्क, मधुमेही, रक्तदाबाचे आणि उशिरा पोहोचलेले असतात, हे एक. न्यूट्रोफिल हे हानीचे कारण किती आणि तिचा परिणाम किती, याविषयी तज्ज्ञांत अद्याप मतभेद आहेत, हे दुसरे. आणि तिसरे कारण मला सर्वांत विचार करायला लावणारे वाटते. या पेशी केवळ मोडतोड करीत नाहीत, दुरुस्तीची सुरुवातही त्यांच्यापासूनच होते.

२००७ साली बोस्टनमधील शास्त्रज्ञांनी उंदरांच्या हृदयात पाहिले, की इजेनंतर दोन टप्प्यांत दोन निरनिराळ्या वृत्तीच्या पेशी येतात. पहिल्या तीन-चार दिवसांत येणाऱ्या मोनोसाइट पेशी आक्रमक असतात. त्या मृत पेशींचा राडारोडा गिळून साफ करतात. त्यानंतर येणाऱ्या पेशी सौम्य असतात. त्या नव्या केशवाहिन्या उभारण्यास आणि जखमेवर भक्कम व्रण विणण्यास साहाय्य करतात. पहिली तुकडी आलीच नाही, तर मलबा तसाच राहतो. ती मुक्काम ठोकून बसली, तर व्रण कच्चा राहतो आणि हृदयाची भिंत पातळ होऊन फुगू लागते. २०१७ साली असेही दिसले, की इजेनंतर उंदरांतील न्यूट्रोफिल काढून टाकले, तर त्यांचे हृदय अधिकच दुबळे झाले, कारण पुढच्या दुरुस्ती करणाऱ्या पेशींना योग्य वळण लावण्यातही न्यूट्रोफिलचा वाटा असतो. आमच्या धंद्यातले सांगायचे, तर रफू करणारा आधी फाटक्या जागेचे निकामी धागे काढून टाकतो आणि मगच सुई घालतो. धागे काढतो म्हणून कोणी त्याचा हात धरला, तर रफूच होणार नाही.

हे केवळ हृदयापुरते नाही. प्रत्यारोपित मूत्रपिंड बर्फात ठेवून आणतात. ते जोडून रक्त सोडल्यावर अशाच इजेमुळे काही वेळा लगेच काम सुरू करीत नाही आणि रुग्णाला काही दिवस डायलिसिस घ्यावे लागते. मेंदूतील गुठळी विरघळल्यावरही हीच प्रक्रिया काही अंशी घडते.

उपायांचा शोध थांबलेला नाही. १९८६ साली असे आढळले, की दीर्घ अडथळ्यापूर्वी रक्त पाच-पाच मिनिटे चार वेळा थांबवून सोडले, तर नंतरची हानी एक चतुर्थांशावर येते. म्हणजे लहान तपांनी देह मोठ्या तपासाठी तयार होतो! २००३ साली रक्त एकदम न सोडता अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या टप्प्यांनी सोडण्याचा प्रयोग प्राण्यांत यशस्वी झाला. हे अगदी पारण्यासारखेच. पण माणसांवरील मोठ्या चाचणीत, २०१७ साली, अपेक्षित लाभ सिद्ध झाला नाही. संधिवाताच्या एका प्रकारात वापरले जाणारे कोल्चिसिन हे जुने औषध हृदयविकारानंतर दिल्यास लाभ होतो, असे २०१९ च्या चाचणीत दिसले. परंतु २०२४ साली सात हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत तो लाभ आढळला नाही. म्हणून कोणी ऐकीव माहितीवर असे औषध स्वतःच्या मनाने घेऊ नये, ही माझी हात जोडून विनंती आहे.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. माझे बोलणे ऐकून कोणी असा निष्कर्ष काढील, की रक्त परत आल्याने नुकसान होते, तर वाहिनी उघडायची घाई कशाला? असे झाले, तर माझे भाषण पुण्याऐवजी पापाच्या खात्यावर जाईल. म्हणून हिशेब स्पष्ट सांगतो. १९८८ साली १७ हजारांहून अधिक रुग्णांवरील जागतिक चाचणीचा निकाल आला. ज्यांना गुठळी विरघळविणारे औषध आणि अ‍ॅस्पिरिन दोन्ही मिळाले नाही, त्यांपैकी पाच आठवड्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या कारणाने शंभरात सुमारे १३ दगावले. ज्यांना दोन्ही मिळाले, त्यांपैकी सुमारे ८. ही बाकी पुनर्प्रवाहजन्य इजा वजा जाऊन उरलेली आहे. नफ्यातून खर्च वजा होतो म्हणून कोणी दुकान बंद ठेवीत नाही. आणि या खर्चावर नेमके औषध आजही हाती नाही. तो खर्च कमी करण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे वेळ. रक्त जितका कमी काळ थांबेल, तितक्या कमी पेशी मरतील, तितकी धोक्याची घंटा हळू वाजेल आणि रक्षक पेशींचा उद्रेकही तितकाच मर्यादित राहील.

म्हणून छातीत दाटणे, घाम, धाप, जबडा किंवा हाताकडे सरकणारी वेदना जाणवली, तर "पित्त असेल" हे वाक्य तोंडातून काढू नका. मधुमेही व्यक्ती आणि स्त्रिया यांच्यात लक्षणे सौम्य किंवा वेगळी असू शकतात. ताबडतोब ईसीजी काढता येईल अशा ठिकाणी पोहोचा. आपल्या राज्यात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. जपमाळेचे मणी मोजणाऱ्या आपल्या समाजाला हा आकडा निराळा पाठ करावा लागू नये. पर्युषणात उपवास चालू असताना त्रास झाला, तर अशक्तपणा समजून पहाट होण्याची वाट पाहू नका. अशा प्रसंगी नियमाचे काय करायचे, हे महाराजसाहेबांकडून आणि आपल्या डॉक्टरांकडून तपश्चर्या सुरू करण्यापूर्वीच समजून घ्या.

माझे बंधू आज समोर बसलेले आहेत. औषधे आणि पथ्य यांमुळे त्यांची प्रकृती बरीच सुधारली आहे. सकाळी दोन तास दुकानात येतात, जिना मात्र चढत नाहीत. हे सर्व सांगण्याची अनुमती त्यांनीच दिली. म्हणाले, "दादा, सांगा. पण पित्त मीच म्हणालो होतो, तेही सांगा." ते त्यांनी म्हटले होते हे खरे, पण मोठा मी होतो आणि घड्याळ माझ्यासमोर होते. त्या साडेचार तासांची नोंद माझ्या खात्यावर आहे.

त्या डॉक्टरांकडे मी नंतर गेलो आणि क्षमा मागितली. त्यांनी मला चहा पाजला आणि पुढच्या तपासणीची तारीख लिहून दिली. क्षमापनेचा शब्द आपण दरवर्षी उच्चारतो. त्या दिवशी तो मला पहिल्यांदा जड वाटला, आणि उच्चारल्यावर हलकेही वाटले.

आपल्यापैकी एकाच्या घरात जरी यापुढे तासाभराचा उशीर टळला, तरी या सुवर्णमहोत्सवी वर्षात माझ्या हातून काही सेवा घडली, असे मी मानीन.